कोकणातले फोटो एडिट करताना: पावसाळी हिरवा, लाल माती आणि माणसाचा रंग

शिमग्याच्या आधीचे दिवस होते, काकी पडवीत बसलेली, अंबाड्यात सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, आणि उतरतं ऊन अंगणातल्या लाल मातीवर पडून तिथून उडून वर तिच्या हनुवटीखाली येत होतं. फोटो छान आला होता. मग मी लॅपटॉपवर त्याच्यावर दोन तास बसले, चेहरा उजळवला, सुरकुत्या मऊ केल्या, डोळ्यांत चमक आणली, मागच्या झाडांचा हिरवा अगदी ताजा करून टाकला. दुसऱ्या दिवशी तिला दाखवला तर तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "ही कोण गो? ही मी न्हय."

त्यानंतर मी एडिटिंग परत पहिल्यापासून शिकायला घेतलं. खाली जे लिहितेय ते सगळं तिथून पुढचं आहे. आपल्याकडचा दमट उजेड, आपली तांबडी माती, आपल्या माणसांचा वर्ण हे सगळं आपलंच आहे आणि कुठल्यातरी कोरड्या थंड देशातल्या फोटोंवर बनवलेले प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर लागणाऱ्या तयार सेटिंग, त्यावर नीट बसत नाहीत, कितीही विकत घ्या. आधी त्या जागी त्या वेळी उजेड कसा होता तो परत आणायचा, आणि मग कल्पनेने जे काय करायचं असेल ते त्या उजेडाच्या जोरावर करायचं, माझं सगळं काम आता याच क्रमाने चालतं.

म्हणून पहिली सवय सॉफ्टवेअरची नाहीच. फोटो काढला की लगेच फोनच्या नोट्समध्ये दोन ओळी टाकायच्या. मी टाकते ते असं असतं: "आचरा खाडी, साडेपाच, पाऊस आत्ताच थांबला, उजेड डावीकडून, पाणी दुधाच्या चहासारखं, माडांचा हिरवा काळपट." चार दिवसांनी फोटो उघडला की स्क्रीनवर दिसतो तोच रंग खरा वाटायला लागतो, तेव्हा ह्या दोन ओळी फार कामाला येतात.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ह्यावर लोक फार वेळ घालवतात, मी घालवणार नाही. मोबाइलवर स्नॅपसीड फुकट आहे आणि त्यात पुष्कळ होतं. कॉम्प्युटरवर पैसे भरायची तयारी असेल तर लाइटरूम आणि फोटोशॉप, नसेल तर रॉ फाइलसाठी (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) डार्कटेबल किंवा रॉथेरपी आणि लेयरच्या कामासाठी गिंप, हे तिन्ही फुकट. इन्स्टॉल करायला जागा नसेल तर फोटोपी ब्राउझरमध्येच उघडतं. फोटोशॉप १९९० साली आलं, गिंप १९९६ साली, पण लेयर (एकावर एक ठेवलेले थर), मास्क (बदल ठरावीक भागापुरताच ठेवणारा पडदा), कर्व्ह (उजेड आणि रंग हलवायची रेघ) ही भाषा सगळीकडे तीच आहे, एका ठिकाणी हात बसला की दुसरीकडे फक्त बटणं शोधावी लागतात. मी खाली लाइटरूम-फोटोशॉपची नावं वापरलीयत कारण ती बहुतेकांना माहीत असतात.

एक मात्र मनापासून सांगते, जमेल तिथे रॉमध्ये काढा. बऱ्याच फोनच्या प्रो मोडमध्ये आता डीएनजी, म्हणजे रॉच, फाइल मिळते. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. संध्याकाळच्या आभाळात केशरीपासून जांभळ्यापर्यंत रंग इतका हळू सरकत असतो की जेपीईजीवर जरा ताण दिला की आभाळात पट्टे पडतात, आणि एकदा पडले की ते काही केल्या जात नाहीत.

अजून एक, स्क्रीनचा ब्राइटनेस साधारण निम्म्यावर ठेवा आणि रात्रीचा पिवळा मोड बंद करा. अंधाऱ्या खोलीत फुल ब्राइटनेसवर केलेले फोटो प्रिंट काढल्यावर काळे येतात. आणि पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही तेव्हा दर पाच मिनिटांनी कंट्रोल एस, म्हणजे सेव्ह.

आता निसर्गाचा फोटो घेऊ. समजा ऑगस्टमधला देवगडकडचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, आहे, काळसर जांभ्यावर गवत आणि बारकी फुलं, खाली समुद्र, वर फाटलेले ढग. उघडल्याबरोबर रंगांना हात लावू नका. आधी क्षितिज सरळ करा, समुद्र एका बाजूला सांडतोय असं वाटलं की पुढचं सगळं काम फुकट जातं. मग शंभर टक्के झूम करून आभाळ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरून बघा, कारण आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात लेन्सवर बारीक तुषार बसतात आणि ते फोटोत धुरकट गोल डाग होऊन येतात. हीलिंग ब्रशने ते आत्ताच काढा. नंतर कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर ते डाग ठळक होतात आणि तेव्हा काढायला गेलं की ढगाचे तुकडे चिकटवल्यासारखे दिसतात.

मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोचे रंग एकूण किती उबदार, किती गार ते. कॅमेऱ्याचा ऑटो मोड सूर्यास्ताचा केशरीपणा ही चूक समजून काढून टाकतो, त्यामुळे गणपतीपुळ्याला बघितलेली संध्याकाळ घरी आल्यावर राखाडी दिसते. रॉ फाइल असेल तर टेंपरेचर ५५०० केल्विनच्या आसपास ठेवून बघा, केशरी परत येतो. ढगाळ पावसाळी दिवसाला मी ६५०० पासून सुरुवात करते पण पूर्ण उबदार करत नाही, पावसातला निळसर गारवा थोडा राहिला पाहिजे, नाहीतर ऑगस्टचा फोटो जानेवारीचा वाटतो.

एक्स्पोजरला, म्हणजे फोटो किती उजळ आलाय त्याला, हिस्टोग्राम बघायचा, डावीकडे काळा आणि उजवीकडे पांढरा असा उजेडाचा आलेख. उजव्या कडेला आलेख भिंतीला चिकटला असेल तर तिथला तपशील गेला, फेसाळ लाटांच्या बाबतीत हे हमखास होतं. हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली आणा पण पार तळाला नेऊ नका, उणे १०० केलं की लाटेचा फेस सिमेंटसारखा दिसतो. उणे ४०, ५० इथे थांबून बघावं.

आणि आता हिरवा. ह्यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण कोकणातल्या पावसाळी फोटोंचं सगळ्यात जास्त नुकसान हिरव्यात होतं. फोन मुळातच हिरवा भडक देतो, त्यावर आपण सॅच्युरेशन चढवतो, आणि भाताचं शेत प्लास्टिकच्या चटईसारखं दिसायला लागतं. शेताकडे नीट बघितलंत तर त्यात किती हिरवे असतात, तरव्याचा, म्हणजे कोवळ्या रोपांचा, पोपटी, लावणी होऊन महिना झाला की गडद, मागे माडांचा निळसर, फणसाचा काळपट, बांधावरच्या गवताचा पिवळट, आणि सरसकट सॅच्युरेशन वाढवलं की हे सगळे एकाच भांड्यात ओतल्यासारखे एक होतात. त्यामुळे एचएसएलमध्ये जा, तिथे प्रत्येक रंगाचे ह्यू (छटा), सॅच्युरेशन (भडकपणा), ल्युमिनन्स (उजळपणा) वेगळे असतात. बहुतेकांची गफलत इथे होते की ते फक्त हिरव्याचा स्लायडर हलवतात आणि म्हणतात काही फरकच पडत नाही. गवताच्या आणि भाताच्या हिरव्यात पिवळा भरपूर असतो, तेव्हा काम पिवळ्याच्या स्लायडरवर करायचं. मी साधारण पिवळ्याचं सॅच्युरेशन उणे १५ ते २५ करते, हिरव्याचं उणे १०, आणि दोघांचं ल्युमिनन्स जरा खाली. ल्युमिनन्स खाली आल्यावर पान ओलं दिसायला लागतं, सॅच्युरेशन वाढवून तो ओलेपणा कधीच येत नाही. करून बघा, फरक लगेच कळेल. हिरव्याचा ह्यू किंचित उजवीकडे, म्हणजे निळसर बाजूला, नेला तर माड माडासारखे दिसतात पण पाच-सातच्या पुढे जाऊ नका.

जांभ्याचं उलट आहे. पावसात भिजलेला जांभा काळपट तपकिरी दिसतो, उन्हाळ्यात चिऱ्याच्या खाणीतला ताजा चिरा तांबडा-केशरी. हे रंग लाल आणि केशरी स्लायडरमध्ये येतात. आणि माणसाची त्वचापण केशरीमध्येच येते! लाल मातीच्या अंगणात उभ्या माणसाचा चेहरा जरा उजळ करायला म्हणून केशरीचं ल्युमिनन्स वाढवलं की सगळं अंगण, चिऱ्याचा गडगा (कुंपणाची भिंत), मागची कौलंसुद्धा फिकी होतात. माझ्या काकीच्या पहिल्या फोटोत हेच झालं होतं आणि मला कळलंच नाही की फोटो एवढा निस्तेज का दिसतोय. माणूस आणि माती एका फ्रेममध्ये असतील तर एचएसएलने चेहऱ्याला हात लावायचा नाही, मास्क करूनच लावायचा.

डीहेझ हा धुरकटपणा काढणारा स्लायडर जपून. किनाऱ्यावर हवेत पाणी असतं, दूरचा डोंगर फिका निळा दिसतो आणि त्यानेच फोटोला खोली येते. डीहेझ ओढून तो डोंगर जवळ आणला की सगळं एका पडद्यावर रंगवल्यासारखं सपाट होतं, शिवाय सॅच्युरेशन आपोआप चढतं ते वेगळंच. लागलंच तर १० ते १५, आणि तेही फक्त मधल्या भागावर मास्क लावून. उलट कधीकधी मी डीहेझ उणे करते, पहाटेच्या खाडीवरच्या धुक्याला उणे १० ने फार सुंदर मऊपणा येतो.

आभाळ आणि समुद्र एकाच एक्स्पोजरमध्ये नीट येत नाहीत ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. ग्युस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने १८५६-५७ च्या सुमाराला समुद्राचे फोटो काढले तेव्हाची निगेटिव्ह निळ्या उजेडाला इतकी जास्त संवेदनशील असायची की समुद्र नीट यावा तर आभाळ कोरं पांढरं व्हायचं, म्हणून त्याने आभाळाची एक निगेटिव्ह आणि समुद्राची दुसरी निगेटिव्ह घेऊन दोन्ही एका कागदावर छापल्या. म्हणजे आपण आज मास्क लावून करतो तेच. आता रॉ असेल तर एका फोटोत भागतं: लिनिअर ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू विरत जाणारा मास्क, वरून खाली ओढा, क्षितिजाच्या थोडं खाली संपवा, एक्स्पोजर उणे ०.५ ते ०.८. मधे माडाचा शेंडा येत असेल तर तोही काळा होतो, तेव्हा मास्कमधून ब्रशने तो वजा करा. स्काय सिलेक्ट करून देणारं बटण आता बऱ्याच ठिकाणी आहे पण झावळ्यांच्या पात्यांमध्ये ते चुकतं, चुडतांच्या मधल्या फटींत पांढरं आभाळ तसंच राहतं. आणि क्लॅरिटी (कडा ठळक करणारा स्लायडर) किंवा एचडीआर (उजळ आणि काळ्या भागांतला तपशील एकत्र आणणं) जास्त झालं की माडाभोवती पांढरी कडा येते, ती शंभर टक्के झूम करून बघायचीच. मला कुणी फोटो बघायला पाठवला की मी पहिली माडाची कडाच बघते.

आता एक युक्ती, जी मला सगळ्यात जास्त आवडते. दिवसाउजेडी समुद्र दुधासारखा मऊ करायचा असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी गडद काच, लागतो, तो महाग, आणि फोनला तर बसतही नाही धड. त्याऐवजी फोन किंवा कॅमेरा ट्रायपॉडवर, नाहीतर खडकावर नीट टेकवून ठेवा आणि एकाच जागेवरून एकाच एक्स्पोजरवर नऊ-दहा फोटो काढा, मधे तीन-चार सेकंद जाऊ देत. फोटोशॉपमध्ये लोड फाइल्स इंटू स्टॅकने सगळे एका फाइलमध्ये आणा, सगळे लेयर मिळून एक स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि स्टॅक मोडमध्ये मीन निवडा. सगळ्या लाटांची सरासरी होते आणि पाणी रेशमी दिसतं, खडक मात्र जागेवर कडक. गिंपमध्ये हेच लेयरच्या ओपॅसिटीने करायचं: सगळ्यात खालचा १००, त्यावरचा ५०, मग ३३, २५, २०, १७, १४, १३, ११, म्हणजे शंभराला त्या लेयरच्या नंबराने भागायचं. हेदवीच्या बामणघळीसारख्या ठिकाणी, जिथे पाणी घळीत घुसून वर उडतं, तिथे मीन केलं तर उडालेलं पाणी नुसतं धुकं होतं, तेव्हा मी सरासरीच्या वर एक उडालेल्या पाण्याचा मूळ फोटो ठेवते आणि मास्कने फक्त तो तुरा दिसू देते. तिथे उभं राहताना भरतीची वेळ बघून आणि कडेपासून लांब, फोटोपेक्षा जीव मोठा. आणि मीनऐवजी मीडियन, म्हणजे सरासरीऐवजी मधली किंमत, निवडलं तर फिरती माणसं गायब होतात, सुट्टीत तुडुंब भरलेला किनारा रिकामा दाखवता येतो, फक्त माणसं हलती पाहिजेत आणि फोटो जास्त पाहिजेत, वीसेक तरी.

आकाशात चंद्र चिकटवणाऱ्यांसाठी एक विनंती. आपला समुद्र पश्चिमेला आहे. पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी डोंगराच्या बाजूने उगवतो आणि समुद्रात तो पहाटे मावळतो, त्यामुळे सूर्यास्ताच्या केशरी आभाळात समुद्रावर भला मोठा पूर्ण चंद्र टाकला की किनाऱ्यावर राहणाऱ्या पोरालासुद्धा तो खोटा आहे हे कळतं. संध्याकाळी समुद्रावर चंद्र हवाच असेल तर बीज-तृतीयेची कोर टाका, तिची उजळ बाजू खाली, बुडालेल्या सूर्याकडे. कल्पनेने पाहिजे ते जोडा, पण ते आपल्या आभाळाच्या नियमात बसवलं की जास्त खरं वाटतं आणि जास्त जादूचंही.

आता माणसं. काकीचा फोटो मी मूळ रॉवरून परत केला, तो कसा ते सांगते.

आधी व्हाइट बॅलन्स. मी पहिल्यांदा ड्रॉपर (ज्यावर क्लिक कराल त्याला पांढरं-राखाडी धरणारं टूल) घेऊन सुरंगीच्या फुलावर क्लिक केलं होतं, पांढरं आहे म्हणून. सुरंगी पांढरी नसते हो, दुधाळ असते, आत पिवळे केसर, आणि वळेसर जसजसा सुकत जातो तसा अजून काळवंडत जातो. त्याला शुद्ध पांढरं करायला गेलं की सगळ्या फोटोत निळा घुसतो आणि चेहरा आजारी दिसतो. ह्यावेळी ड्रॉपर ठेवून दिला आणि नोट्समधली ओळ वाचली, "ऊन मातीवरून उडून येतंय, तोंडाखाली तांबूस." तो तांबूसपणा ठेवायचाच होता. मग आकडे बघितले. चेहऱ्यावर कर्सर नेला की लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे दिसतात, त्वचा गोरी असो की सावळी, साध्या उजेडात लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा असा क्रम असतो. निळा हिरव्याच्या वर गेला की समजा कुठूनतरी बाहेरचा रंग पडलाय.

आपल्याकडे तो हमखास पडतो. पावसाळ्यात पुढच्या पडवीला निळं प्लास्टिक लावलेलं असतं, त्याच्या आत बसलेला प्रत्येक माणूस निळा दिसतो, डोळ्यांना कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. परसात झाडाखाली काढलं तर हिरवी छटा. एका बाजूला प्लास्टिकचा निळा आणि दुसऱ्या बाजूला बल्बचा पिवळा असेल तर अख्ख्या फोटोला एक टेंपरेचर लावून काही होत नाही, चेहऱ्याच्या त्या बाजूवर ब्रशने मास्क करायचा आणि तेवढ्याच भागाचं टेंपरेचर थोडं वाढवायचं, टिंट (हिरवा ते मजेंटा नेणारा स्लायडर) मजेंटाकडे किंचित. पूर्ण घालवू नका, पावसाळा आहे हे दिसू दे.

मग एक्स्पोजर. सावळ्या चेहऱ्याला उजळवणं ही सवय आपण मोडली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. लग्नाच्या अल्बमपासून आधार कार्डाच्या शेजारी चिकटवायच्या फोटोपर्यंत सगळीकडे न विचारता माणूस दोन शेड गोरा केला जातो, आणि ज्याचा फोटो आहे त्याला त्यातून काय कळतं ते काकीने एका वाक्यात सांगितलं. सावळ्या त्वचेवर उजेड कुठे पडलाय ते दाखवा, म्हणजे कपाळ, गालाचं हाड, नाकाची कड इथली चमक, तिथेच तेज असतं. सगळा चेहरा वर उचलला की ती चमक आजूबाजूत मिसळून जाते. मी काकीच्या चेहऱ्याचं एक्स्पोजर जसं होतं तसं ठेवलं आणि मागची भिंत उणे ०.४ केली, तेवढ्यानेच चेहरा पुढे आला.

तिच्या कुंकवात तपशील नव्हता, नुसता लाल ठिपका, कारण लाल चॅनल फुटला होता, म्हणजे लालचा आकडा टोकाला जाऊन अडकला होता. लालचं ल्युमिनन्स आणि सॅच्युरेशन फक्त त्या ठिपक्यावर मास्क करून कमी केलं तर कुंकवाची पूड दिसायला लागली, कडेला जरा ओघळलेली. लाल साडीच्या बाबतीतपण हेच करायचं, नाहीतर साडीचं सूत दिसत नाही, नुसता लाल डबा दिसतो.

हीलिंगला मी एक नियम पाळते. पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार आहे ते काढायचं, म्हणजे पुटकुळी, डास चावलेलं, खरचटलेलं. जे राहणार आहे, म्हणजे तीळ, व्रण, सुरकुत्या, गोंदण, ते ठेवायचं. काकीच्या कपाळावर गोंदण आहे, पहिल्या वेळी मी ते डाग समजून अर्धवट पुसलं होतं. हीलिंग नेहमी नव्या रिकाम्या लेयरवर करा आणि सँपल करंट अँड बिलो निवडा, म्हणजे जास्त झालं तर त्या लेयरची ओपॅसिटी कमी करून सोडवता येतं. घामाची तकतकी पूर्ण काढू नका, ४० टक्के ओपॅसिटीवर हील केली की घाम राहतो पण टोचत नाही.

त्वचा मऊ करायला ब्लर अजिबात नको. डॉज अँड बर्न, म्हणजे हाताने जागोजागी उजळ-गडद करणं, शिका, वेळ खातं पण दुसरं काही लागत नाही. नवा लेयर, त्यात ५० टक्के राखाडी भरा, ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळतो ते) सॉफ्ट लाइट, राखाडी दिसेनाशी होते. मग मऊ ब्रश, फ्लो ३ ते ५ टक्के, पांढऱ्याने उजळ आणि काळ्याने गडद. डोळ्याखालचं काळं जरासं हलकं करायचं, गालाच्या हाडाला एक-दोन हात, बस. मधेमधे लेयरचा डोळा बंद-चालू करून बघा आणि दहा मिनिटं उठून बाहेर जाऊन या. परत आल्यावर जे खुपेल ते जास्त झालेलं असतं. डोळ्यांना ०.३ च्या वर एक्स्पोजर देऊ नका, आणि दातांवर फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन कमी करा, पान खाणाऱ्या माणसाचे दात ट्यूबलाइटसारखे करू नका.

दशावताराचे फोटो काढणाऱ्यांना एवढंच सांगते की रंगवलेल्या चेहऱ्यावर हीलिंग करूच नका, रंगाचे थर, घामाने फुटलेली पावडर हाच तो फोटो असतो. जुन्या पिवळ्या बल्बखाली रंगायला बसलेला कलाकार असेल तर टेंपरेचर ३००० च्या थोडं वर ठेवा म्हणजे पिवळेपणा अर्धा राहतो. ट्यूब किंवा स्वस्त एलईडीत हिरवी झाक येते, ती टिंटने मजेंटाकडे नेऊन काढा.

रापणीचे फोटो मला काळे-पांढरे आवडतात. जाळं ओढणारी माणसं, मागून चमकणारं पाणी, तिथे रंग फक्त लक्ष विचलित करतो. नुसतं सॅच्युरेशन शून्य करून काळा-पांढरा करू नका, सगळं एकसारखं राखाडी होतं. ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये निळा खाली आणला की आभाळ आणि पाणी गडद होतं, केशरी किंचित खाली आणला की उन्हाने भाजलेल्या पाठीवरचे स्नायू आणि रेषा उठून दिसतात. केशरी वर नेला तर तीच पाठ गुळगुळीत होते, आणि रापण ओढणाऱ्याची पाठ गुळगुळीत कशी असेल.

शेवटी कल्पनेचा भाग. माणूस आणि निसर्ग एका फोटोत विणायचा सोपा मार्ग म्हणजे डबल एक्स्पोजर. माणसाला कडेने, म्हणजे चेहऱ्याची एकच बाजू दिसेल असं, पांढऱ्या आभाळासमोर उभं करा, ढगाळ दुपार बरी, आणि असा काढा की मागचं आभाळ पार पांढरं आणि चेहरा बराच काळा येईल. लेव्हल्सने (काळा-पांढरा किती ते ठरवणारं टूल) पांढरा अजून पांढरा करा. दुसरा फोटो माडाच्या बनात खालून वर बघत काढलेला, किंवा खाडीच्या पाण्यावरच्या रेघा, तो वरच्या लेयरवर ठेवून ब्लेंड मोड स्क्रीन करा. स्क्रीनचं काम असं की खाली पांढरं आहे तिथे पांढरंच राहतं आणि खाली काळं आहे तिथे वरचा फोटो दिसतो, म्हणजे कापाकापी न करता झावळ्या आपोआप डोक्याच्या आकारात बसतात. मग मास्क लावून डोळा आणि ओठांवरून झावळ्या हलक्या पुसा, नाहीतर माणूस ओळखू येत नाही. स्नॅपसीडमध्ये डबल एक्स्पोजर टूल आहे, तिथे लायटन मोड निवडला की जवळपास हेच मिळतं. दोन्ही फोटोंमध्ये उजेड एकाच बाजूने येत असेल तर बघणाऱ्याला का ते कळत नाही पण फोटो जुळलेला वाटतो, दुसरा फोटो आडवा उलटा करून बाजू जुळवता येते.

टेक्स्चरसाठी बाहेरचं काही डाऊनलोड करायची गरज नाही. चिऱ्याची भिंत, होडीच्या फळीवरचा उडालेला रंग, सुकत घातलेलं जाळं, ओहोटीनंतर वाळूवर उरलेल्या लाटांच्या वळ्या, असे फोटो समोरून सपाट काढून एक फोल्डर करून ठेवा. टेक्स्चरचा रंग काढून टाका, सॉफ्ट लाइट, २० ते ३० टक्के, चेहऱ्यावरून मास्कने पुसून घ्या. काकीच्या फोटोत मागच्या भिंतीवर मी तिच्याच घराच्या गडग्याचा जांभा असा टाकलाय, २० टक्के, जवळून बघितल्याशिवाय कळत नाही.

कुणाचाही फोटो पुढे कुठे टाकण्याआधी एडिट केलेला त्या माणसाला दाखवा आणि विचारा.

सेव्ह करताना लेयरची फाइल वेगळी ठेवा, पीएसडी (फोटोशॉपची) किंवा एक्ससीएफ (गिंपची), आणि पाठवायची जेपीईजी वेगळी, कलर स्पेस एसआरजीबी. प्रिंटला ३०० डीपीआय धरलं तर ८ बाय १२ इंचाला २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल त्याला पुरत नाही, लॅबला पेन ड्राइव्ह द्या. मोठी प्रिंट सांगण्याआधी ४ बाय ६ ची एक काढून घ्या आणि ती दुकानातल्या ट्यूबखाली नको, दिवसाउजेडी दारात उभं राहून बघा. काकीच्या पहिल्या छोट्या प्रिंटमध्ये अंगणाची माती गुलाबी आली होती, लालचा ह्यू केशरीकडे पाच आणि सॅच्युरेशन उणे आठ करून परत दिली. दुसरी तिने पडवीतच हातात घेऊन बघितली, मग मातीकडे बघितलं, मग परत फोटोकडे, आणि म्हणाली, "वळेसर सुकलेलो दिसता."